आमच्या म्हाताऱ्या माणसांचं बीपी एकदा उभं करूनही मोजा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सातारा,
तसेच जिल्ह्यातील सर्व वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्य सेविका आणि आशाताई यांस,

स. न. वि. वि.

पाटण तालुक्यातल्या वेगवेगळ्या उपकेंद्रांवर ३१ वर्षं आरोग्य सेविका म्हणून काम करून मी सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लसीकरण, बाळंतपणं, क्षयाच्या गोळ्या, कुटुंब नियोजनाचे कॅम्प, पावसाळ्यात विहिरींत जंतू मारायची टीसीएल पावडर, सगळं केलं. शेवटची दोन वर्षं बीपी-शुगरच्या कार्डांत गेली. हे पत्र त्या कार्डांबद्दल आहे.

मागणी आधीच सांगते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढं वाचलं तरी पुरे. पासष्टीच्या पुढच्या पेशंटचं बीपी बसवून घेतल्यावर त्याला उभं करा, एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा आणि तो आकडा कार्डावर लिहा. त्याच ओळीत वजन लिहा. चार मीटर चालायला किती सेकंद लागले ते लिहा. गोळी वाढवायची, तेवढीच ठेवायची की कमी करायची, हे सगळं एकत्र बघून ठरवा.

आता हे का, ते सांगते.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, ८२ वर्षांच्या आहेत. बीपीची गोळी त्यांना साठीतच लागली, ॲमलोडिपिन. रोज सकाळी चहाबरोबर एक, आणि बीपी १३०-१४० च्या घरात. वीस वर्षं काही त्रास नव्हता. मामंजी गेले आणि त्यांचं जेवण तुटलं. भाकरीचा चतकोर आमटीत कुस्करायचा, त्यातलाही अर्धा ताटात राहायचा. वर्षभरात वजन ४८ वरून ४१ किलोवर आलं. मी घरातच होते. मी बघत होते आणि वय झालं म्हणत होते.

त्यातच पायाला सूज आली. ॲमलोडिपिननं काही जणांच्या घोट्यांना सूज येते, हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, पण त्या दिवशी मी सोबत नव्हते. जिथं दाखवलं तिथं सूज बघून पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी, लिहून दिली. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी अधूनमधून चालूच होती. ती अंगात पाणी धरून ठेवते आणि बीपी चढवते. महिन्याभरानं त्या तपासायला गेल्या ते एसटीतून उतरून, चढ चढून, धापा टाकत. खुर्चीत बसल्याबरोबर दंडाला पट्टा बांधला. वरचं १६४ आलं आणि आणखी एक गोळी वाढली. पहिल्या गोळीनं आलेल्या सुजेला दुसरी गोळी. दुखण्याच्या गोळीनं आणि चढानं वर गेलेल्या आकड्याला तिसरी. एकेकटं बघितलं तर कुणीच मोठी चूक केली नव्हती. ज्यानं त्यानं समोर आलेली सूज बघितली, समोर आलेला आकडा बघितला. वाळत चाललेली बाई कुणी बघितली नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी, वैशाखात, पहाटे चारच्या सुमारास त्या लघवीला उठल्या. आमच्याकडं संडास परड्यात आहे, मागच्या दारानं दोन पायऱ्या उतरून जायचं. त्या पायऱ्यांशीच पडल्या. "उठले आन् डोळ्याफुडं अंधारच आला गं," एवढंच त्या सांगू शकल्या. उजवा खुबा मोडला होता. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम १२१. ते १३५ च्या वर हवं. पाण्याच्या गोळीनं ते असं उतरू शकतं आणि उतरलं की माणूस भ्रमात जातं. तीन दिवस त्या मला "तू कुणाची गं?" विचारत होत्या. ऑपरेशन झालं, आणि चार महिने खाट धरली.

पाण्याची गोळी दवाखान्यातच बंद झाली. बाकीच्या चालू होत्या. घरी वॉकर धरून पहिल्यांदा नीट उभ्या राहायला लागल्या त्या सकाळी मी माझं जुनं मशीन काढलं. झोपलेल्या असताना १२६ होतं. उभं करून मिनिटभरानं घेतलं, तर ९२. मी परत घेतलं. ९०. ३१ वर्षांत मी किती हजार माणसांच्या दंडाला पट्टा बांधला असेल, मोजदाद नाही. उभं करून घेतलेलं माझं ते पहिलं बीपी.

माणूस उभा राहिला की अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांकडं आणि पोटाकडं उतरतं. तरण्या शरीरात मानेतल्या रक्तवाहिन्यांना ते लगेच कळतं. हृदय जरा जोरात चालतं, खालच्या नसा आवळतात, आणि आपल्याला काही जाणवतसुद्धा नाही. म्हातारपणी ही यंत्रणा मंदावते आणि धमन्या कडक झालेल्या असतात. त्यावर गोळ्यांचा भार, उन्हाळ्यात अंगातलं कमी झालेलं पाणी, जुन्या शुगरनं अधू झालेल्या नसा, पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिलेली टॅम्सुलोसिनसारखी गोळी. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर तो आजार समजायचा, अशी डॉक्टरी व्याख्याच आहे. काहींचं जेवणानंतर उतरतं. दुपारी जेवून उठताना भिंत धरणारी माणसं प्रत्येक घरात आहेत, आणि आपण त्याला पित्त म्हणतो.

आता आपल्या कार्डाकडं येते. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीला सुरू झाला. महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात भंडारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि आपला सातारा घेतला होता. मला त्याचा अभिमान वाटतो. ठरलेला औषधांचा क्रम आला, महिन्याच्या गोळ्या एकदम मिळू लागल्या, प्रत्येकाचं कार्ड झालं, आला नाही त्याला फोन जाऊ लागला. पूर्वी पेशंट चार दिवस गोळी खायचा आणि बरं वाटलं की बंद करायचा. ते बदललं. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला तेव्हा मी निवृत्त झाले होते, तरी घरात पेढे वाटले.

पण त्या कार्डावर यश मोजायचं माप एकच होतं: १४०/९० च्या खाली आला का? खाली आला की कंट्रोल. १३४ वालाही कंट्रोल आणि १०२ वालाही कंट्रोल. घर बांधताना आढ्याची उंची धरली आणि जोतं किती खचलंय ते बघायचं राहिलं, तसं झालं. १०२ असलेली, भिंत धरून चालणारी कितीतरी माणसं मी स्वतः कंट्रोलच्या रकान्यात भरली आहेत. मासिक बैठकीत त्याबद्दल शाबासकीही घेतली आहे.

इथं थांबून एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण माझं बोलणं ऐकून दोन शेजारणींनी गोळ्या बंद करायचं मनात घेतलं होतं. म्हातारपणातलं जास्त बीपी सोडून द्यायचं नसतं. आमच्याच वाडीतल्या ७८ वर्षांच्या एका आजोबांना पाव्हण्यांनी सांगितलं, या वयात बीपी असायचंच, गोळ्यांनी किडनी जाते, कशाला खाता? त्यांनी सोडल्या. दिवाळीच्या आधी अंगावरनं वारं गेलं. वाचा गेली, उजवी बाजू गेली. पाच माणसांचं घर त्या खाटेभोवती अडकलं. ८० च्या पुढच्या ३८४५ माणसांवर अनेक देशांत मिळून एक मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वरचं बीपी १६० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना औषध देऊन १५०/८० पर्यंत आणायचं ठरवलं होतं. औषध घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले आणि हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. ८० पुढं गोळीचा उपयोग नाही, असं म्हणायला आता कुणालाच जागा नाही.

मात्र त्या अभ्यासात माणसं घेताना उभं करून बीपी मोजलं होतं. उभं राहिल्यावर वरचा आकडा १४० च्या खाली असेल त्याला घेतलंच नव्हतं. पुढं २०१५ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, १२० च्या खाली नेण्याचा. त्यात पंचाहत्तरीच्या पुढची २६३६ माणसं होती, आणि त्यांतल्या हळू चालणाऱ्या, थकलेल्या माणसांनाही फायदा झाला. तिथंही उभं राहिल्यावर ११० च्या खाली जाणारे वगळले होते. मधुमेहाचे वगळले होते, आधी लकवा झालेले वगळले होते, आणि आपल्या गावातली निम्मीअधिक म्हातारी माणसं याच तिघांपैकी कशात तरी बसतात असं मला वाटतं. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवलं जायचं. एसटीतून उतरवून पट्टा बांधत नव्हते. औषधं तीच आपल्याकडं आली, आकडे तेच आले, मोजण्याची शिस्त तेवढी मागं राहिली.

"म्हातारी लय थकलीया." सातारा जिल्ह्यात हे वाक्य ऐकलं नाही असं घर नसेल. या थकण्याचा अर्थ दमणं असा नाही. म्हातारी दिवसभर बसूनच असते, तरी थकलेली असते. अंगातली शिल्लक संपत आलेली असते. निरोगी माणसाला दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवस; थकलेल्याला तोच ताप दोन महिने खाटेवर ठेवतो. डॉक्टरांनी या अवस्थेची मोजता येईल अशी व्याख्या २००१ मध्ये केली. न ठरवता वर्षात साडेचार किलोवर वजन उतरणं, सतत गळून गेल्यासारखं वाटणं, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. यांतली तीन असली की माणूस थकलेला. एक-दोन असली की त्या वाटेवर. पकड मोजायचं यंत्र आपल्याकडं नाही, पण आमच्या बायकांकडं माप आहे. म्हातारीला स्वतःचं लुगडं पिळता येतं का विचारा. आत्यांनी पडण्याच्या आठ महिने आधीच लुगडं पिळायचं सोडलं होतं. दांडीवर टाकलेल्या लुगड्यातून ओट्यावर पाणी ठिबकायचं आणि मी त्यांच्यावर चिडायचे.

या थकण्याचा वयाशी संबंध आहे, पण वय म्हणजे थकणं नव्हे. आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणवरून जाते. नोकरीत असताना आमच्या ड्युट्या तिकडं लागायच्या. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं की तळावर पाय दाबून घ्यायला आणि बीपी दाखवायला रांग. त्यातले एक ७९ वर्षांचे वारकरी माझ्या कायमचे लक्षात राहिले. बीपीच्या तीन गोळ्या चालू, बसून १३६, आळंदीपासून चालत आलेले, खांद्यावर पताका. त्यांच्या मुलाला वाटत होतं, बाबांचं वय झालं, एक गोळी कमी करा. गरज नव्हती. तसाच माणूस १५० वर असता तर वयाकडं बघून सोडून देणंही चुकीचं ठरलं असतं. आणि त्याच फलटण तालुक्यात ६७ वर्षांची, तीन बाळंतपणांनी आणि ऊस तोडून झिजलेली बाई ११० वर डोळ्यांपुढं अंधार आणून पडते. जन्मतारखेवरून गोळी ठरवता येत नाही. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२४ मध्ये हेच लिहिलं. सोसत असेल तर म्हाताऱ्यांचंही बीपी १२० ते १२९ पर्यंत आणा. मात्र ८५ च्या पुढचे, बरेच थकलेले किंवा उभं राहिल्यावर बीपी उतरून त्रास होणारे यांच्याबाबतीत सबुरीनं घ्या, सोसेल तेवढंच खाली न्या. आणि औषध सुरू करण्याआधी, वाढवण्याआधी उभं करून बघा.

चार मीटरचं काय, तर तेही सोपं आहे. उपकेंद्राच्या व्हरांड्यात टेप लावून चार मीटरवर दोन रेघा ओढायच्या. थोडं अलीकडून नेहमीच्या चालीनं चालायला लावायचं आणि पहिल्या रेघेपासून दुसरीपर्यंतचे सेकंद मोजायचे. पाच सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंद. काठी असेल तर काठीसह. दुसरं, हातांची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा जमलंच नाही तर मांड्यांत बळ उरलेलं नाही. घड्याळ तुमच्या मोबाइलमध्ये आहे.

बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका ओळखायला आशाताई घरोघरी भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी प्रश्न आधीपासूनच आहेत. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? अंघोळ, कपडे, संडास यांना दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावं विसरतात का? बीपीच्या उपचारासाठी याहून उपयोगी माहिती दुसरी कुठली? पण मी काम केलं तिथं फॉर्म एका फायलीत जायचा आणि बीपीचं कार्ड दुसऱ्या खोक्यात. तोल जातो म्हणून सांगितलेली म्हातारी आणि क्लोरथॅलिडोन ही पाण्याची गोळी वाढवलेली म्हातारी ही एकच बाई आहे, हे त्या दोन कागदांना कधी कळलंच नाही. हे जोडायला नवी योजना लागणार नाही. "तोल जातो" ला "हो" आलं की कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेनानं एक खूण. एवढं एक परिपत्रक आपण काढू शकता.

मला माहीत आहे, एनसीडीच्या, म्हणजे बीपी-शुगर तपासायच्या, दिवशी साठ-सत्तर माणसं येतात आणि हाताखाली कुणी नसतं. मी त्याच खुर्चीत बसत होते. दर महिन्याला प्रत्येकाला उभं करा असं म्हणत नाही. पहिल्यांदा आल्यावर, गोळी बदलताना, पडल्यावर, चक्कर सांगितल्यावर, वजन उतरल्यावर, आणि काहीच नसेल तर सहा महिन्यांतून एकदा. उभं राहताच येत नसेल तर झोपवून आणि मग बसवून घ्या. आणि कृपा करून उपकेंद्रांना लहान पट्टे द्या. मनगटाएवढ्या दंडाला मोठा पट्टा गुंडाळला की बीपी खोटंच कमी दिसतं, आणि जाड दंडाला लहान आवळला की खोटंच जास्त.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना माझी वेगळी विनंती आहे. सहा महिन्यांतून एकदा म्हाताऱ्यांना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या: सरकारी, खाजगी, मेडिकलमधून मागून घेतलेल्या, मुलानं मुंबईहून पाठवलेल्या, शेजारणीनं दिलेल्या. मी आमच्या वाडीत दोन-तीन घरी हे केलं. एका आजीकडं ॲमलोडिपिन दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं निघालं आणि ती दोन्ही खात होती. दुसरीकडं टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी, पाण्याची गोळी आणि दुखण्याची गोळी हे तिन्ही एकत्र. हे त्रिकूट म्हाताऱ्या किडनीला फार जड जातं. झोपेची गोळी असेल तर रात्री पडण्याची भीती आणखी वाढते. पाण्याची गोळी संध्याकाळी खात असतील तर निदान ती सकाळवर आणा. आमच्या परड्यांत रात्री दिवे नसतात.

गोळी कमी करायला डॉक्टर कचरतात, ते मी समजू शकते. उद्या लकवा झाला तर? इंग्लंडमध्ये ८० पुढच्या ५६९ माणसांवर हे बघितलं गेलं, २०२० मध्ये ते छापून आलं. डॉक्टरांनी निवडून निम्म्यांची बीपीची एक गोळी काढली. बारा आठवड्यांनी त्यांच्यातले ८६ टक्के १५० च्या खाली होते, गोळी न काढलेल्यांतले ८८ टक्के. म्हणजे नजर ठेवून एक गोळी काढली तर निदान त्या तीन महिन्यांत फारसं बिघडलं नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांत, वरचं बीपी १३० च्या खाली असलेल्या खूप थकलेल्या माणसांच्या गोळ्या टप्प्याटप्प्यानं कमी केल्या गेल्या. २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तर मृत्यूंचं प्रमाण दोन्हीकडं सारखंच. गोळ्या काढल्या म्हणून आयुष्य वाढत नाही. म्हणून सरसकट काढा असं मी म्हणणार नाही. जिला उभं राहिल्यावर अंधारी येते तिची बघा, तेही एका वेळी एकच गोळी, आणि दोन-चार आठवड्यांनी परत मोजून. उपचार न केलेलं जास्त बीपीसुद्धा उभं राहताना घसरतं, हेही विसरू नका.

घरच्यांशी कसं बोलायचं, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात मोठा आहे. पाटण-जावळीच्या खोऱ्यांतली घरं म्हाताऱ्यांची आहेत. कर्ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, माथाडीत, गोदीत, आता नवी मुंबईत. गणपतीला आणि यात्रेला येतात. पोरं मायेनं डिजिटल मशीन पाठवतात आणि रोज रात्री फोनवर विचारतात, "आई, आज किती आलं?" १७० सांगितलं की तिकडून हुकूम येतो, अजून अर्धी गोळी घे. पोरांनो, रात्रीच्या एका आकड्यावर असं करू नका. मशीन लावण्याआधी पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, लघवीला जाऊन आलेली. दोनदा मोजा, वहीत लिहा, आठवड्याची वही डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात उचलेना, छातीत दुखलं तर वही-मशीन ठेवा आणि १०८ ला फोन करा. आणि फोनवर एक प्रश्न वाढवा: आज उठताना अंधारी आली का?

मिठाबद्दल. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, हे बरोबरच आहे, आणि मी ते हजारदा सांगितलं असेल. पण आत्यांना घरात अळणी आमटी द्यायला लागले आणि त्यांनी आमटीच सोडली. डाळ गेली, भाकरी भिजवायला काही उरलं नाही, भाकरीही गेली. आधी पापड, लोणचं, खर्डा, सुकट कमी करायला हवं होतं. आमटी शेवटपर्यंत राहू द्यायची होती. थकत चाललेल्या म्हाताऱ्याला दर किलो वजनामागं एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, ४० किलोच्या बाईला चाळीस-पन्नास ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण तेवढीच. हुलग्याचं माडगं, मऊ शिजवलेला घेवडा, मुगाचं वरण, दाढा नसतानाही जातात. किडनीचा आजार असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच. आणि वजन उतरतंय तसं बीपीही उतरतं, गोळी मात्र ४८ किलोच्या बाईचीच चालू राहते. वजनाचा रकाना म्हणून मागते आहे.

माण, खटाव, फलटणच्या सहकाऱ्यांनी मार्च-एप्रिलमध्येच पाण्याच्या गोळीवरच्या म्हाताऱ्यांची यादी करावी. तिकडचा उन्हाळा मला सांगायला नको. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पाण्याची गोळी आणि टेल्मिसार्टन तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन उपचार मिळतात. चांगलंच झालं. खुबा मोडल्यावर पैसा उभा राहील. खुबा मोडायच्या आधीची तीन मिनिटं मात्र तुम्हा-आम्हालाच काढायची आहेत.

येत्या एनसीडीच्या दिवशी मी आमच्या उपकेंद्रावर टेप आणि पांढरा रंग घेऊन जाणार आहे. तिथल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताईंनी होकार दिला आहे. आपली परवानगी कागदावर मिळाली तर तालुक्यातल्या बाकीच्या उपकेंद्रांवरही जाईन, एसटीचं तिकीट माझं मी काढीन.

आत्या आता वॉकर सोडून काठीवर आल्या आहेत. डॉक्टरांना विचारून तीनऐवजी एकच गोळी चालू आहे, तीही अर्ध्या मात्रेत. रोज सकाळी ओट्याच्या खुर्चीवरून पाच उठ-बस, आणि अंथरुणातून उठताना काठावर बसून दोन मिनिटं पाय हलवायचे, हे त्यांनी न चुकता धरलंय. कार्डावर उभ्या बीपीला रकाना नाही, म्हणून मी काल समासात लिहिलं:

बसून १४४/७२. उभं, १ मिनिट १३४/७०, ३ मिनिटं १३६/७०. वजन ४३.५. चार मीटर, काठीसह, ८ सेकंद. अंधारी नाही. लुगडं अर्धं पिळलं.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. पाटण, जि. सातारा